‘पेशींना फक्त प्रोटीन दिसतं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही आठवडे नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर, मॉर्निंग वॉकवाल्यांच्या ग्रुपवर, गंगापूर रोडच्या क्लासला मुलं घालणाऱ्या पालकांच्या ग्रुपवर, सगळीकडे तोच. मूळ मजकूर लांबलचक आहे. इमोजी आणि उद्गारचिन्हं गाळून उरतं ते असं:

“आपल्या शरीरातल्या सैनिक पेशींना फक्त प्रोटीन ओळखता येतं, हे विज्ञानाने सिद्ध झालंय. टीबीचा जंतू मेणाच्या कवचात लपतो, न्यूमोनियाचा साखरेच्या, म्हणून पेशींना तो दिसतच नाही. त्यामुळे बीसीजी आणि न्यूमोनियाची लस हा निव्वळ धंदा आहे. जंतू उकळला की त्याचं प्रोटीन मोडतं आणि तो पूर्ण निरुपद्रवी होतो. मात्र व्हिटॅमिन बी-टूची गोळी रोज घेतली तर रोगप्रतिकारक पेशी जाग्या होतात, हे ऑस्ट्रेलियात सिद्ध झालंय. जनहितार्थ पुढे पाठवा.”

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे “सर, हे खरं का?” असं विचारत हा मेसेज माझ्याकडे रोज कुणी ना कुणी पाठवतं. शेजारच्या ताईंनी तर बाळाचं लसीकरणाचं कार्डच पुढे केलं आणि विचारलं, “चौदाव्या आठवड्याचं राहू द्यायचं का मग?” तेव्हा ठरवलं, एकदाच सविस्तर लिहून टाकू. मेसेज लिहिणारा अडाणी नाही. त्याने काहीतरी वाचलंय, अर्धवट वाचलंय आणि त्यातून हवा तो निष्कर्ष काढलाय. म्हणून नुसतं ‘फेक आहे’ म्हणून भागणार नाही, एकेक वाक्य घ्यावं लागेल.

“फक्त प्रोटीन ओळखता येतं.” हे आलं कुठून, ते आधी बघू, कारण त्याला खरा आधार आहे. 1974 साली रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी दाखवलं की टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची एक जात, विषाणूला मोकळा ओळखत नाहीत. स्वतःच्याच शरीरातल्या एका खास रेणूबरोबर तो समोर आला तरच त्या ओळखतात. या कामाला 1996 चं नोबेल मिळालं. पुढे 1987 मध्ये त्या खास रेणूची, म्हणजे एचएलएची, त्रिमितीय रचना दिसली. त्याच्या माथ्यावर एक खोबण असते आणि त्या खोबणीत प्रथिनाचा आठ-दहा दुव्यांचा बारीक तुकडा बसतो. टी पेशी तो तुकडा चाचपते. हे चित्र इतकं देखणं होतं की पाठ्यपुस्तकांनी ते उचललं आणि क्लासच्या नोट्समध्ये त्याचं एका ओळीत लोणचं झालं: टी पेशी प्रोटीन ओळखते. फॉरवर्डने त्यापुढे जाऊन ‘टी पेशी’च्या जागी ‘सगळ्या सैनिक पेशी’ घातल्या आणि ‘फक्त’ हा शब्द पदरचा जोडला.

हा ‘फक्त’ खोटा ठरवायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, कुठल्याही रक्तपेढीतलं टेबल पुरतं. रक्तदान शिबिरात गेलेल्यांनी पाहिलं असेल: स्लाइडवर रक्ताचे थेंब, एकात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी, काडीने ढवळायचं आणि स्लाइड हलवत बघायचं. रक्त एकसारखं राहिलं तर नाही, दाणे पडले तर आहे. ए आणि बी या रक्तगटांच्या खुणा म्हणजे तांबड्या पेशींवरच्या साखरेच्या साखळ्या आहेत. साखळीच्या टोकाला एक साखर असली तर ए, दुसरी असली तर बी, आणि या दोन साखरांमध्ये फरक आहे तो एका कोपऱ्यातल्या काही अणूंचा. एवढ्याशा फरकावरून अँटिबॉडी (परक्या खुणेला चिकटणारं रक्तातलं द्रव्य; अँटी-ए, अँटी-बी ही त्यातलीच) एकीला धरते आणि दुसरीला सोडते. कार्ल लँडस्टायनरने रक्तगट 1901 मध्ये मांडले, म्हणजे साखर ओळखणाऱ्या अँटिबॉडींवर जगभरच्या रक्तपेढ्या शतकभर चालल्या आहेत.

रक्तपेढीत उलटी तपासणीही करतात. दात्याच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पातळ भागात, माहीत असलेल्या ए आणि बी पेशी घालून बघतात. ओ गटाच्या माणसाच्या सीरममध्ये दोन्हींचे दाणे पडतात. या माणसाला आयुष्यात कधी कुणाचं रक्त चढलेलं नसलं तरी पडतात. त्याच्याकडे या अँटिबॉडी आल्या कुठून? आतड्यातल्या जिवाणूंकडून. त्यांच्या अंगावर अशाच साखरा असतात, त्या बघून शरीर अँटिबॉडी तयार करतं आणि बाळ काही महिन्यांचं झालं की त्या रक्तात दिसू लागतात. 1959 मध्ये जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या कोंबडीच्या पिलांवर हे तपासलं गेलं. जंतूच नाहीत, तर त्या अँटिबॉडीही जवळपास नाहीत. योग्य तो जिवाणू दिला, की अँटिबॉडी हजर.

आता पॉझिटिव्ह-निगेटिव्हवाला आरएच बघा. आरएचची खूण प्रथिनाची आहे. आरएच निगेटिव्ह माणसात तिच्याविरुद्धची अँटिबॉडी, अँटी-डी, आपोआप तयार होत नाही. पॉझिटिव्ह रक्ताशी संबंध आला, चुकीचं रक्त चढलं किंवा गरोदरपणात बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं, तरच होते. म्हणजे एकाच स्लाइडवर, एकाच माणसात, साखरेविरुद्धच्या अँटिबॉडी मागणी न करता तयार आहेत आणि प्रथिनाविरुद्धच्या नाहीत. मेसेज लिहिणाऱ्याच्या खिशात रक्तगटाचं कार्ड असेलच, तेवढं काढून बघितलं असतं तरी पहिलं वाक्य लिहायचं धाडस झालं नसतं.

“टीबीचा जंतू मेणाच्या कवचात लपतो, पेशींना दिसत नाही.” कवच मेणाचं आहे, हे खरं. किती मेणाचं, ते ज्यांनी बेडक्याची स्लाइड रंगवलीय त्यांना विचारा. स्लाइडवर लाल कार्बोल फुक्सिन ओतायचं, खालून वाफ निघेपर्यंत ज्योत द्यायची, मग आम्ल घालून धुवायचं. बाकी सगळ्याचा रंग निघून जातो, टीबीचा जंतू मात्र सोडत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लालसर काड्या दिसतात. रंग धरून ठेवणारी ती चीज म्हणजे मायकोलिक आम्लांची भिंत. आपल्या शेंगदाणा तेलातल्या मेदाम्लांच्या साखळीत बहुतेक 16 ते 18 कार्बन असतात, तर टीबीच्या जंतूच्या मायकोलिक आम्लात 70 ते 90. इतका लांब मेद माणसाच्या शरीरात तयारच होत नाही.

आणि नेमका म्हणूनच तो ओळखू येतो. बोस्टनमध्ये मायकेल ब्रेनर यांच्या प्रयोगशाळेत स्टीव्हन पोर्सेली आणि सहकाऱ्यांना माणसाच्या अशा टी पेशी मिळाल्या, ज्या टीबीच्या जंतूतल्या कशावर तरी उसळत होत्या. प्रथिन तोडणारी विकरं (एन्झाइम) घातली तरी ते ‘काहीतरी’ शाबूत राहत होतं. 1994 मध्ये उत्तर छापून आलं: मायकोलिक आम्ल. तेही एचएलएच्या खोबणीत नाही, सीडी-1-बी नावाच्या वेगळ्या रेणूत बसलेलं. या रेणूची खोबण खोल, तेलकट आणि एकमेकांना जोडलेल्या बोगद्यांची असते. मेदाची लांब शेपटी आत गुंडाळली जाते, डोकं तेवढं बाहेर राहतं आणि टी पेशी ते डोकं चाचपते. सीडी-1 कुटुंबातले ए, बी, सी आणि डी हे चार रेणू पेशीच्या पृष्ठभागावर येऊन निरनिराळे मेद दाखवतात. एचएलए माणसागणिक वेगळं असतं, म्हणून तर किडनी जुळवताना नाकी नऊ येतात. सीडी-1 मात्र जवळपास सगळ्यांचं सारखं. त्यामुळे टीबीच्या नव्या लसीत मेद घालता येईल का, यावर काम करणाऱ्यांना त्यात रस आहे.

मग इतकी मोठी गोष्ट बरीच वर्षं कुणाच्या गावी का नव्हती? एक कारण उंदीर. प्रयोगशाळेतल्या उंदरांकडे सीडी-1-डी आहे, पण ए, बी, सी नाहीत. गिनी पिगकडे बी आणि सी जातीचे आहेत. म्हणजे संशोधनाचा जो लाडका प्राणी, त्याच्यात हे दिसणंच शक्य नव्हतं.

टी पेशींपर्यंत जायचीही गरज नाही. टीबीच्या कवचातला ‘कॉर्ड फॅक्टर’ नावाचा मेद मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींवरचा मिंकल नावाचा रिसेप्टर (खूण ओळखणारा रेणू) थेट धरतो, हे 2009 मध्ये कळलं. भिंतीच्या जाळीतला एक बारीक तुकडा पेशीच्या आतला नॉड-2 नावाचा रिसेप्टर ओळखतो. आणखी एक जात आहे गॅमा-डेल्टा टी पेशींची. ती जिवाणूंच्या चयापचयातला फॉस्फेट लागलेला एक चिमुकला रेणू ओळखते. तो रेणू टीबीच्या जंतूत असतो, मलेरियाच्या परजीवीत असतो, आपल्यात नसतो.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी, नाहीतर मीही दुसऱ्या टोकाचा फॉरवर्ड लिहितोय असं होईल. दिसणं वेगळं आणि मारता येणं वेगळं. टीबीचा जंतू मॅक्रोफेजच्या पोटात जाऊनही जगतो, काही मेद वापरून आपल्या इतर खुणा झाकतो आणि वर्षानुवर्षं गाठीत दबा धरून बसतो. जगातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांना त्याचा संसर्ग होऊन गेलेला असतो असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातल्या 5 ते 10 टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी रोग होतो. बाकीच्यांना होत नाही, कारण त्यांच्या शरीराने तो पाहिलाय आणि कोंडून ठेवलाय. न दिसणारा शत्रू कोंडता येत नाही.

“बीसीजी निव्वळ धंदा.” बीसीजीवर, म्हणजे टीबीच्या लसीवर, टीका करायला जागा आहे. तामिळनाडूत चिंगलपेट भागात 1968 साली सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून तिने संरक्षण दिलं नाही. हे कुणी लपवलेलं नाही. पण जन्मलेल्या बाळाला ती देतात ती मेंदूच्या आवरणाचा टीबी आणि अंगभर पसरणारा टीबी टाळायला, आणि लहान मुलांत हे काम ती चांगलं करते. शिवाय फॉरवर्डने दिलेलं कारण तिला लागूच होत नाही. बीसीजी हा कमकुवत केलेला अख्खा जिवंत जिवाणू आहे. त्यात प्रथिनंही आहेत, मेणही आहे, भिंतही आहे. दंडावरचा तो व्रण या सगळ्याला मिळून शरीराने दिलेली पावती आहे. उलट टीबीच्या तपासणीसाठी मॅन्टूची सुई टोचून 48 ते 72 तासांनी जी फुगी मोजतात, तिथलं द्रव्य मात्र शुद्ध केलेलं प्रथिन असतं. ते तयार करण्याची रीत फ्लोरेन्स सायबर्ट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ बाईंनी बसवली. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लसींचा विषय निघालाच आहे, तर फॉरवर्डमध्ये नसलेली एक गोष्ट सांगतो, कारण पहिल्या वाक्याला ती सगळ्यात जड जाते. शुद्ध प्रथिन एकटंच टोचलं तर शरीर बहुधा फारसं मनावर घेत नाही. जुन्या प्रयोगशाळांत जनावरांना प्रथिन टोचताना ते तेलात घोटून त्यात मारलेले क्षयजातीचे जिवाणू मिसळायचे, तेव्हा कुठे जोरदार अँटिबॉडी मिळायच्या. चार्ल्स जेनवे यांनी 1989 मध्ये या प्रथेला प्रतिकारशास्त्रज्ञांचं लपवलेलं गुपित म्हटलं आणि तर्क मांडला की शरीराला आधी ‘जिवाणू आलाय’ ही खूण पटावी लागते. ही खूण जिवाणूंच्या अंगातल्या अशा रेणूंची असणार जे आपल्यात नसतात. प्रथिन हा नंतरचा तपशील. हा तर्क खरा ठरला. आज गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या एका लसीत साल्मोनेला जिवाणूचा निर्विष केलेला मेद मुद्दाम घातलेला असतो, तो याच कारणाने.

यामागचा हिशेब सोपा आहे. प्रथिन बदलणं जिवाणूला स्वस्त पडतं. जनुकात एक अक्षर बदललं की एक दुवा बदलला, काम तेच, चेहरा नवा. भिंतीचा मेद किंवा आवरणाचा पाया बदलायचा तर तो बनवणारी विकरांची अख्खी रांग बदलायला हवी, आणि तेवढ्यात भिंत गळली तर जिवाणू मेला. चोर रोज नवा सदरा घालेल, हाडं कुठून बदलणार? आपल्या द्राक्षवेलींचाही हिशेब हाच आहे. भुरीच्या बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, तेही साखरेच्याच जातीचं, आणि वेलीच्या पेशी ते ओळखून बचावाला लागतात. कायटिनपासून बनवलेलं कायटोसान फवारणाऱ्या पिंपळगावच्या बागायतदाराला हे तत्त्व माहीत असतं, फक्त आपल्या स्वतःच्या अंगात तेच चालतं हे कुणी त्याला सांगितलेलं नसतं.

“न्यूमोनियाचा जंतू साखरेत लपतो, म्हणून लस निरुपयोगी.” न्यूमोकॉकसच्या अंगावर साखरेचा जाड लगदा असतो आणि त्यामुळे पांढऱ्या पेशींना तो गिळता येत नाही, इथवर बरोबर. 1923 मध्ये ऑस्वाल्ड एव्हरी आणि मायकेल हायडेलबर्गर यांनी न्यूयॉर्कमध्ये दाखवलं की ज्या द्रव्याला रोग्याच्या अँटिबॉडी चिकटतात ते द्रव्य म्हणजे हाच लगदा, आणि तो साखर आहे. त्या काळी अँटिबॉडी फक्त प्रथिनालाच धरणार असा समज पक्का होता. म्हणजे आपला फॉरवर्ड शंभर वर्षं उशिरा आलाय. अँटिबॉडी त्या साखरेला चिकटली की लगदा हीच गिळण्याची मूठ बनते. न्यूमोकॉकसचे शंभराहून अधिक प्रकार आहेत आणि ते एकमेकांपासून वेगळे काढले जातात तेच मुळी या साखरेवरून.

पण इथे फॉरवर्डमध्ये नसलेलं एक अर्धसत्य मीच पुढे करतो. दोन वर्षांखालच्या बाळांचं शरीर नुसत्या साखरेला नीट प्रतिसाद देत नाही. मोठ्या माणसाचा प्रतिसादही फार काळ टिकत नाही. कारण अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशीला साखर दिसते, पण तिला बळ देणाऱ्या मदतनीस टी पेशीला एचएलएच्या खोबणीत दाखवायला प्रथिनाचा तुकडा हवा असतो, आणि साखरेतून तो येणार कुठून? यावर काढलेला तोडगा मला आजही फार आवडतो. साखरेला एखादं निरुपद्रवी प्रथिन रासायनिक बंधाने जोडून टाकायचं. बी पेशी साखर ओळखून पकडते, पण गिळते तेव्हा शेपटाला लागलेलं प्रथिनही आत जातं. त्याचे तुकडे ती खोबणीत मांडते, मदतनीस टी पेशी त्यावर खूश होऊन बी पेशीला बळ देते, आणि बी पेशी अँटिबॉडी बनवते ती साखरेविरुद्ध! एकाला एक दाखवून दुसऱ्याचं काम करून घेतलं. याला जोडलस किंवा कॉन्जुगेट लस म्हणतात.

ताईंच्या हातातल्या कार्डावर हेच आहे. सहावा आठवडा, चौदावा आठवडा, नववा महिना, समोर पीसीव्ही लिहिलेलं. ही न्यूमोकॉकसची जोडलस. सरकारी कार्यक्रमात ती 2017 पासून काही राज्यांत आणि 2021 मध्ये देशभर आली. पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंट लसीतला हिब या जिवाणूविरुद्धचा भाग तसाच बनतो. टायफॉइडची नवी लसही तशीच, आणि ती सरकारी मोहिमेत सगळ्यात आधी दिली गेली ती 2018 मध्ये आपल्याच राज्यात, नवी मुंबईत. पुण्यात बनलेल्या मेंदूज्वराच्या जोडलसीने तर 2010 पासून आफ्रिकेच्या एका पट्ट्यातली ‘ए’ प्रकाराची साथ जवळपास संपवली. “पेशींना साखर दिसत नाही” हे वाक्य खरं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. ताईंना सांगितलं, “कार्ड घ्या आणि ठरल्या दिवशी जा.”

“उकळला की निरुपद्रवी.” अंबड-सातपूरच्या औषध कारखान्यांत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) असलेल्यांनी हे वाक्य वाचून कपाळाला हात लावला असेल. इंजेक्शनच्या पाण्यात एकही जिवंत जंतू नसला तरी तेवढ्यावर बॅच पास होत नाही. बीईटी, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातल्या तापकारक द्रव्याची चाचणी, करावी लागते. नळीत नमुना आणि हॉर्सशू खेकड्याच्या निळ्या रक्तातून काढलेलं द्रव्य एकत्र करायचं, 37 अंशाला तासभर ठेवायचं आणि मग नळी पूर्ण उलटी करायची. आतलं खाली ओघळलं तर ठीक. जेलीसारखं तळाला घट्ट धरून राहिलं, तर बॅच अडकली. ही जेली जमवणारी चीज म्हणजे ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला एलपीएस. मेदाच्या पायावर साखरेची साखळी, प्रथिन अजिबात नाही. एका जिवाणूच्या अंगावर त्याचे दहा लाखांच्या घरात रेणू असतात. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या, 121 अंशांत जिवाणू मरतो, त्याची प्रथिनं थिजतात, एलपीएस तसाच राहतो. म्हणून काचेच्या कुप्या साधारण 250 अंशांच्या कोरड्या उष्णतेतून काढाव्या लागतात.

हे पहिल्यांदा नीट उलगडलं ते वर उल्लेख केलेल्या सायबर्टबाईंनी. डिस्टिल केलेलं पाणी टोचल्यावरही काही वेळा ताप का भरतो, हे कोडं होतं. 1923 मध्ये त्यांनी दाखवलं की तापाचं कारण पाण्यात पडलेल्या जिवाणूंनी मागे ठेवलेलं, उष्णतेला दाद न देणारं द्रव्य आहे. म्हणजे ज्यांनी पुढे टीबीचं प्रथिन शुद्ध केलं, त्यांनीच आधी प्रथिन नसलेल्या तापकारक द्रव्याचा माग काढला होता.

माणसाला हा एलपीएस किती दिसतो? स्वयंसेवकांवरच्या प्रयोगांत किलोमागे 2 ते 4 नॅनोग्रॅम शिरेतून दिले जातात आणि तासा-दोन तासांत थंडी वाजून ताप येतो. साठ किलोच्या माणसाला ही मात्रा ग्रॅमच्या साधारण चाळीस ते ऐंशी लाखाव्या हिश्शाएवढी. ‘फक्त प्रोटीन दिसतं’ या हिशेबाने जो दिसायलाच नको तो हा रेणू! तो ओळखणारा रिसेप्टर, टीएलआर-4, ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने 1998 मध्ये शोधला. एलपीएसला दादच न देणाऱ्या उंदरांच्या एका जातीत नेमकं तेच जनुक बिघडलेलं निघालं. या कामासाठी बॉयटलर यांना 2011 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

(पाणी उकळून पिणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. आपल्या आतड्यात असे जिवाणू ढिगाने असतात, तिथे एलपीएसने काही बिघडत नाही. प्रश्न तो थेट रक्तात गेला तरचा आहे. उकळलेलं पाणी जरूर प्या.)

“बी-टूची गोळी घेतली की पेशी जाग्या होतात.” वरती ‘फक्त प्रोटीन’ म्हणून झालंय आणि खाली व्हिटॅमिनने पेशी जागवल्या आहेत. बी-टू प्रोटीन नाही, हे मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकाच्याही लक्षात येऊ नये याची गंमत वाटते. पण यामागचं संशोधन खरं आहे आणि फार सुंदर आहे.

आपल्या रक्तातल्या टी पेशींपैकी साधारण 1 ते 10 टक्के पेशी ‘मेट’ नावाच्या जातीच्या असतात. यकृतात त्यांचं प्रमाण बरंच जास्त. त्या एमआर-1 नावाच्या रेणूकडे बघतात हे 2003 पासून माहीत होतं, पण त्या रेणूच्या खोबणीत नेमकं काय बसतं ते कुणाला सापडेना. मेलबर्नमध्ये जेम्स मॅक्लस्की आणि जेमी रॉसजॉन यांच्या गटांना एमआर-1 प्रयोगशाळेत नीट घडी घालून उभा करणंही जमत नव्हतं. पेशी वाढवण्याचं नेहमीचं पोषकद्रव घातलं तेव्हा तो उभा राहिला. द्रवातलं काहीतरी त्याच्या पोटात जाऊन बसलं होतं. बघितलं तर फॉलिक आम्ल मोडून तयार झालेला एक तुकडा! त्याने मेट पेशी काही जाग्या झाल्या नाहीत, पण धागा हाती लागला: व्हिटॅमिनांच्या नात्यातलं काहीतरी असणार. मग साल्मोनेलाच्या द्रवातून खरा मालक मिळाला आणि 2012 मध्ये ते छापून आलं. जिवाणू बी-टू बनवताना मधल्या टप्प्यावर जी कच्ची द्रव्यं तयार होतात, त्यांच्यापासून निघालेले रेणू मेट पेशींना जागवतात. दोन वर्षांनी आणखी नेमकेपणा आला. बी-टूच्या वाटेवरचा एक कच्चा रेणू साखर मोडताना निघणाऱ्या मिथाइलग्लायॉक्झालशी आपोआप जुळतो, आणि त्यातून बनणारं नाजूक द्रव्य, जे पाण्यात काही तासांतच विरून जातं, एमआर-1 पकडून ठेवतो.

आता गोळीकडे या. माणसाला बी-टू बनवता येत नाही, आपण तो तयार खातो, दुधातून, डाळीतून, नाहीतर गोळीतून. तयार बी-टू मेट पेशींना जागवत नाही. त्यांना जागवतो तो अर्धवट टप्पा, आणि तो फक्त बी-टू बनवणाऱ्याच्या घरात असतो. जिवाणूंच्या किंवा यीस्टच्या. (आपल्या वाइनरीतल्या टाक्यांत फसफसणाऱ्या यीस्टकडेही हे कौशल्य आहे.) म्हणजे मेट पेशी ओळखतात ती ‘इथे कुणीतरी बी-टू बनवतंय’ ही गोष्ट. घशाला सूज आणणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसला बी-टू बनवता येत नाही, आणि त्याच्याकडे मेट पेशी या वाटेने ढुंकूनही बघत नाहीत. गोळीत अर्धवट टप्पा नसतो. डॉक्टरांनी कमतरतेसाठी दिली असेल तर घ्या. विनाकारण घेतली तर लघवी पिवळीधमक होईल, एवढा परिणाम मात्र खात्रीने दिसेल.

राहता राहिलं ‘लपतो’. जिवाणू आपला मेद खरोखर लपवतात का? काही लपवतात, आणि त्यातला सगळ्यात बदनाम म्हणजे प्लेगचा. 1896 मध्ये मुंबईत उतरून तो मग आपल्या भागांत पसरला, जुन्या नाशिककरांच्या घरांत त्याच्या कहाण्या असतील. बहुतेक ई. कोलायच्या एलपीएसच्या पायाला मेदाच्या सहा शेपट्या असतात. टीएलआर-4 च्या जोडीदार रेणूच्या कप्प्यात पाच शेपट्या शिरतात, सहावी बाहेर राहते आणि शेजारच्या टीएलआर-4 ला जोडून घेते, की घंटा वाजते. प्लेगचा जिवाणू पिसवेच्या अंगात, थंड तापमानाला, सहा शेपट्यांचा एलपीएस बनवतो. माणसाच्या 37 अंशांत शिरला की चारच शेपट्यांचा बनवू लागतो, आणि घंटा जवळपास वाजतच नाही.

जे दिसतच नाही ते झाकायला जिवाणू इतका खटाटोप कशाला करेल? 2006 मध्ये ते तपासलं गेलं. प्लेगच्या जिवाणूत ई. कोलायचं एक जनुक घातलं, त्यामुळे 37 अंशांतही तो सहा शेपट्यांचाच एलपीएस बनवू लागला. बाकी जिवाणू होता तसाच, त्याची सगळी घातक प्रथिनं जागच्या जागी. असा जिवाणू टोचलेले साधे उंदीर जगले. तोच जिवाणू टीएलआर-4 नसलेल्या उंदरांना टोचला, तर ते मेले.